व्हिन्यो व्हेर्देची जोडी विंदालूशी लावू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पोर्तुगालच्या व्हाइट वाइनवर आलेला लेख इकडे ब्रागात बसून मोबाईलवर वाचला. आधी बरंच वाटलं, कारण मराठी पेपरात वाइन म्हटलं की एकतर फ्रान्स नाहीतर थेट नाशिक, मधलं सगळं जग गायब, आणि इथे तर चक्क व्हिन्यो व्हेर्दे या वायव्य पोर्तुगालच्या वाइनवर अर्धं पान! पण पुढे वाचत गेलो तसं डोकं फिरायला लागलं. लेखाचं म्हणणं असं की ही एक हलकी गोडसर फसफसणारी वाइन आहे, चीजच्या तुकड्यांबरोबर घ्यावी, आणि पोर्तुगीज असल्यामुळे गोव्याच्या विंदालूबरोबर तर एकदम झकास. तिन्ही गोष्टी पटल्या नाहीत म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण विंदालूचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

मी राहतो ते ब्रागा शहर याच वाइनच्या पट्ट्यात येतं, पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, वर मिन्यो नदी आणि तिच्या पलीकडे स्पेन. माझं मूळ गाव निफाड तालुक्यात आणि घरी द्राक्षबाग, त्यामुळे इथे आल्यावर मला चर्च आणि किल्ले बघण्याआधी बागा बघायच्या होत्या. आणि बागा बघूनच ही वाइन अशी का आहे ते कळतं, ग्लास गोल गोल फिरवून नाही कळत.

इथे पाऊस भरपूर, बऱ्याच भागात वर्षाला १५०० मिलिमीटरच्या आसपास, आमच्या निफाडला त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही. जमीन ग्रॅनाइटची, वारा अटलांटिक समुद्रावरून येणारा गार आणि ओला. अशा हवेत डावणी आणि भुरी हे द्राक्षाचे रोग काय धिंगाणा घालत असतील ते नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. जुन्या लोकांनी यावर तोडगा काढला तो असा की वेल जमिनीपासून लांब उंच न्यायचा, कुठे झाडावरच चढवून द्यायचा, कुठे ग्रॅनाइटचे खांब रोवून त्यावर मांडव घालायचा, म्हणजे घडाला खालून वारा लागतो आणि ओल धरत नाही. आणि मांडवाखालची जागा मोकळी राहते त्यात मका, घेवडा, भाजीपाला. म्हणजे सरळसरळ आंतरपीक! इथला शेतकरी छोटा, जमिनीचे तुकडे तुकडे झालेले, त्यामुळे एकाच वावरातून भाकरीपण निघाली पाहिजे आणि वाइनपण. आता नवीन बागा बहुतेक सगळ्या तारेवर आहेत, मशीनने काम करता येतं म्हणून, पण गावाकडे बसने गेलात तर घराच्या अंगणावर, रस्त्याच्या कडेने, विहिरीवर अजून मांडव दिसतात. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्यासारखी एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी अशी दोनदा मारामारी नाही. तोडणी साधारण सप्टेंबरात, आणि तेव्हा पाऊस आला की यांचेही चेहरे अगदी आपल्या लोकांसारखेच पडतात.

तर या सगळ्यातून होतं काय, की द्राक्षात साखर कमी भरते आणि आंबटपणा जास्त राहतो. साखर कमी म्हणून अल्कोहोल कमी, साध्या बाटलीत ९ ते ११ टक्के वगैरे. आणि ती फसफस म्हणाल तर पूर्वी वाइन लवकर बाटलीत भरायचे, मग आत बॅक्टेरियाचं काम चालू राहायचं आणि त्यातून थोडा गॅस तयार व्हायचा. लोकांना तो जिभेवरचा चिमटा आवडायला लागला, म्हणून आता मोठ्या कंपन्या भरतानाच थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि आंबटपणा बोचू नये म्हणून थोडी साखरही ठेवतात. लेखकाने प्यायलेली बाटली बहुधा हीच असणार. कासाल गार्सिया हा १९३९ पासूनचा ब्रँड जगभर जातो, उन्हाळ्यात थंडगार प्यायला मस्त आहे, माझं काही भांडण नाही त्याच्याशी. पण ती एक बाटली म्हणजे अख्खी व्हिन्यो व्हेर्दे नाही हो! १९०८ मध्ये या प्रदेशाची हद्द कायद्याने आखली गेली आणि आज त्यात ९ उपविभाग आहेत, द्राक्षाच्या जाती वेगळ्या, चवी वेगळ्या.

सगळ्या जातींची यादी देत नाही, दोनच सांगतो. लिमा नदीच्या खोऱ्यात लोरेइरो, तिला संत्र्याच्या फुलांसारखा वास येतो, अंगाने हलकी, आंबटपणा चोख. आणि पार वर स्पेनच्या सीमेला लागून मोंसांव आणि मेल्गासो ही दोन गावं, तिथली अल्वारिन्यो. तिथे डोंगर आडवे येतात, समुद्राचा पाऊस थोडा अडतो, ऊन जास्त मिळतं, त्यामुळे द्राक्ष नीट पिकतं आणि वाइन १२-१३ टक्क्यांपर्यंत जाते. अंगाने भरलेली, आणि फसफस बहुतेक वेळा नसतेच. नदीपलीकडे स्पेनवाले याच द्राक्षाला अल्बारिन्यो म्हणतात आणि भाव जास्त घेतात, यावर इथली म्हातारी माणसं तासभर बोलू शकतात. चांगली अल्वारिन्यो ५-७ वर्षं आरामात टिकते, उलट सुधारते. गोडसर तर अजिबात नाही, कोरडी ठणठणीत.

आता खाण्याकडे येतो. इथे कोणी ही वाइन नुसती घेऊन बसत नाही. ती जेवणातली वाइन आहे, आणि जेवण कसलं तर मीठ, ऑलिव्ह तेल आणि लसूण, इथला निम्मा स्वयंपाक या तिघांवर चालतो. तळलेल्या माशावर आपण लिंबाची फोड पिळतो ना, तेच काम ही वाइन करते. तेलकटपणा कापते, खारटपणा गोल करते आणि पुढच्या घासासाठी तोंड परत साफ. म्हणूनच ती एकटी प्यायली तर पुष्कळांना पातळ आणि आंबट लागते, आणि मग लेख लिहिणारे चीजचे तुकडे शोधतात. डब्यातल्या प्रोसेस्ड चीजबरोबर काही बिघडत नाही पण काही घडतही नाही. इथे ताजं पांढरं चीज मिळतं, आपल्या पनीरपेक्षा मऊ, पाणी सुटणारं, त्यावर मीठ-मिरी घालून खातात, त्याच्याबरोबर मात्र छान लागते.

सगळ्यात खरी जोडी बघायची असेल तर जून महिन्यात या. २३ जूनच्या रात्री सांव जुआंवचा सण, गोव्यात ज्याला सांजाव म्हणतात तोच, गोव्यात लोक विहिरीत उड्या मारतात आणि इथे रस्त्यावर तारली भाजतात. ब्रागात आणि पोर्तोत गल्लोगल्ली शेगड्या. तारली म्हणजे आपलीच, सार्डिन, या दिवसांत चरबीने भरायला लागलेली असते. साफबिफ काही करत नाहीत, पोटसुद्धा फाडत नाहीत, अख्खी तारली जाड मिठात घोळून थेट निखाऱ्यावर. चरबी गळते, धूर होतो, दुसऱ्या दिवशी शर्ट धुतला तरी वास जात नाही. मग ती भाजलेली तारली ताटात नाही घ्यायची, ब्रोआच्या जाड कापावर ठेवायची. ब्रोआ म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट पाव, खाली तो माशाचं तेल पिऊन घेतो, वर आपण हाताने काटे काढत खातो, आणि शेवटी तो तेलाने माखलेला पाव, तोच खरा माल. त्यावर थंड व्हाइट व्हिन्यो व्हेर्देचा घोट. वेल वर आणि मका खाली, एकाच वावरातले दोघं एकाच घासात भेटतात, मी बागायतदाराच्या घरचा असल्यामुळे मला हे जरा जास्तच भारी वाटतं.

इथे एक गंमत सांगायला पाहिजे. मासा आणि रेड वाइन जमत नाही यामागे शास्त्र आहे, २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की वाइनमधलं लोह माशाच्या चरबीबरोबर आलं की तोंडात तो वशाट वास उठतो, आणि लोह रेडमध्ये बऱ्याचदा जास्त असतं. पण इथल्या मिन्यो भागातले म्हातारे ऐकतात थोडेच! यांची लाल व्हिन्यो व्हेर्दे पण असते, विन्यांव नावाच्या द्राक्षाची, शाईसारखी गडद आणि इतकी आंबट की पहिल्या घोटाला कान हलतात. ती पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून पितात, वाडगं हलवलं की आतून जांभळा थर चढतो. तारलीबरोबर तीच, जानेवारी ते एप्रिल लँप्री नावाच्या सापासारख्या माशाचा सीझन असतो तेव्हा त्याच्या रक्तातल्या भाताबरोबर तीच, आणि पोंती द लिमा गावात डुकराच्या रक्ताचा जिरं घातलेला भात करतात त्याच्याबरोबरही तीच. काही दशकांपूर्वीपर्यंत या भागात लालच जास्त पिकायची, व्हाइटचा बोलबाला नंतरचा. म्हणजे लेखात मासा म्हणजे व्हाइट, मटण म्हणजे रेड असा जो नियम मोठ्या अक्षरात चौकट करून छापलाय, तो या वाइनच्या माहेरीच कोणी पाळत नाही.

बाकाल्यावबद्दल लेखात एक ओळ होती, ती पुरत नाही. बाकाल्याव म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, येतो नॉर्वे-आइसलंडकडून पण पोर्तुगीजांच्या घराघरात. आपल्याकडे सुके बोंबील आणि खारा बांगडा तसं, फक्त हा मासा फळकुटाएवढा. दीड-दोन दिवस पाण्यात भिजवायचा, पाणी बदलत राहायचं, मग शिजवायचा. नाताळच्या आदल्या रात्री उकडलेला बाकाल्याव, बटाटे, कोबीची पानं, अंडं आणि वरून सढळ हाताने ऑलिव्ह तेल, आणि आमच्या ब्रागाची पद्धत म्हणजे तळलेला बाकाल्याव, वर परतलेल्या कांद्याचा ढीग आणि बाजूला बटाट्याच्या तळलेल्या चकत्या. कांदा गोडसर, मासा खारट, तेल भरपूर. इथे साधी फसफसणारी बाटली मार खाते, अल्वारिन्यो लागते. ऑक्टोपस भाजून लसूण-तेलात सोडतात त्यालाही तीच. पण बाकाल्यावचे बोलिन्योस, म्हणजे मासा आणि बटाट्याचे तळलेले लांबट वडे, त्यांना मात्र स्वस्तातली थंड बाटली परफेक्ट, तिथे अल्वारिन्यो उघडणं म्हणजे पैसे वाया.

आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या! इथे तिसऱ्यांची एक डिश आहे ती कोकणातल्या माणसाने एकदा करून बघाच. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढून घ्यायची, ते आपल्याला माहितीच आहे. कढईत ऑलिव्ह तेल, त्यात ठेचलेला भरपूर लसूण, रंग बदलायच्या आत तिसऱ्या टाकायच्या, झाकण. दोन-चार मिनिटात शिंपल्या उघडतात आणि आपलं खारं पाणी सोडतात, तेच सार. वरून मूठभर कोथिंबीर आणि लिंबू. झालं. हळद नाही तिखट नाही खोबरं नाही. अख्ख्या युरोपात इतकी कोथिंबीर खाणारा दुसरा देश मला तरी माहीत नाही. यासोबत लोरेइरो घ्या, तिचा तो फुलांचा वास आणि कोथिंबिरीचा वास एकमेकांत असे काही बसतात की विचारू नका. पावाने रस्सा पुसून खायला विसरू नका.

आता विंदालू. लेखकाचं लॉजिक असं की विंदालू पोर्तुगीजांमुळे आलं, वाइन पोर्तुगीज, म्हणून जोडी. अहो इतिहास जुळला म्हणून चव जुळत नाही! मूळ पदार्थ इथे आजही आहे, डुकराचं मांस वाइन, लसूण आणि तमालपत्रात मुरवलेलं, त्यात तिखट जवळजवळ नसतंच. गोव्यात गेल्यावर त्यात माडाचं व्हिनेगर आलं, लाल मिरची आली, मसाले आले आणि पदार्थ पार वेगळा झाला, आणि चांगलाच झाला. पण व्हिनेगरचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणावर चढतो आणि वाइन पाण्यासारखी लागते, आणि वर लाल तिखट असताना बुडबुडे आले की जीभ शांत व्हायच्या ऐवजी अजून पोळते. बांगड्याचा रेशाद मसाला, कोल्हापूरचा तांबडा रस्सा, सावजीचं मटण, सगळ्यांना हेच लागू. त्याच्याबरोबर ताक, सोलकढी किंवा थंड बिअर घ्या, वाइनला कशाला त्रास देताय.

मग आपलं जेवण आणि ही वाइन जमतच नाही का, तर जमतं की, फक्त तिखटाकडे न बघता तेल आणि मिठाकडे बघायचं. माझ्या घरी मित्रमंडळी आली की बोंबील फ्राय असतोच (इथे ताजा बोंबील कुठला, फ्रोझन मिळतो कधीमधी इंडियन दुकानात), रव्यातली सुरमई, कोळंबीची भजी. कांदाभजी आणि बटाटेवडा तर असे जातात की पोर्तुगीज शेजारी रेसिपी मागतात, फक्त लसणाची लाल चटणी जरा लांब ठेवायची. नारळाच्या दुधातलं काहीही, माशाचं हिरवं कालवण, पांढरा रस्सा, यांना अल्वारिन्यो. शाकाहारी लोकांनी नाराज व्हायचं कारण नाही, इथे फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळतात, अगदी आपल्या भज्यांसारख्या, आणि असं म्हणतात की पोर्तुगीजांनी जपानला नेलेल्या याच प्रकारातून तिकडचा टेंपुरा आला. साबुदाणा वडा, अळूवडी, थालीपिठावर लोण्याचा गोळा, खारे शेंगदाणे, सगळं चालतं. श्रीखंड-पुरणपोळीसोबत मात्र नको, वाइन कडूशार लागते.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण लेखात नेमकं हेच नव्हतं. भारतात परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं, त्यामुळे इथे सुपरमार्केटात जी बाटली चहा-नाश्त्याच्या पैशात येते ती मुंबईत चैन होऊन बसते. तेवढे पैसे घालणार असाल तर आधी मागचं लेबल बघा. साधी व्हिन्यो व्हेर्दे वर्ष-दीड वर्षात संपवायची असते, आणि दुकानदार जर सांगत असेल की जुनी आहे म्हणून भारी आहे तर बाटली ठेवून बाहेर पडा, उकाड्यात शेल्फवर उभी राहून तिचा जीव गेलेला असतो. लेबलवर अल्वारिन्यो लिहिलं असेल आणि अल्कोहोल १२-१३ असेल तर दोन-चार वर्षं जुनी चालेल. वर्षच छापलेलं नसेल तर मी तरी घेत नाही. प्यायची ८ ते १० डिग्रीला, म्हणजे फ्रिजमधून काढून लगेच, आणि ग्लास लहान घ्या म्हणजे तळाशी पोचेपर्यंत कोमट होत नाही.

आणि मिळालीच नाही तर अडून बसू नका. नाशिकची सोव्हिन्यो ब्लाँ तळलेल्या माशाबरोबर हेच काम करते, शेनँ ब्लाँ थोडी गोडसर असते बऱ्याचदा, ती किंचित तिखट असलेल्या पदार्थाला सांभाळून घेते. आमच्या निफाडचे लोक खाण्याची द्राक्षं पिकवण्यात जगात कोणाला ऐकत नाहीत, पण वाइनच्या द्राक्षाला जेवणाशी जोडून बघायची सवय आपल्याला अजून लागायचीय, ती तुमच्यासारख्या पेपरनी लावली तर लागेल. दरवेळी सेलिब्रिटीच्या हातातला ग्लास छापण्यापेक्षा एकदा दिंडोरीच्या एखाद्या बागायतदाराला विचारा की तुमच्या घरी वाइनबरोबर काय खातात. पिठलं-भाकरी म्हणाला तरी छापा.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबत जो मोठा फोटो आहे, नदीत चौकोनी शीड लावलेली लाकडी बोट आणि तिच्यावर पिंपं, तो व्हिन्यो व्हेर्देचा नाही. ती दोउरू नदीतली राबेलो बोट आहे, तिच्यातून पोर्ट वाइनची पिंपं डोंगरातून खाली पोर्तोकडे यायची. पोर्ट गोड, दारूचा अर्क घालून १९-२० टक्क्यांपर्यंत नेलेली, प्रदेश वेगळा, द्राक्षं वेगळी. ऑनलाइन आवृत्तीत तरी फोटो बदलता येईल, मांडवाचा पाहिजे असेल तर मी काढून पाठवतो.

आपला,
एक वाचक
ब्रागा, पोर्तुगाल (मूळ निफाड तालुका, जि. नाशिक)